गोठ्याचं दुसरं दार

वाल्दार्सा, ४ नोव्हेंबर

सासूबाई,

तुम्ही फोनवर येत नाही. मेंगिया वन्सं दर वेळी सांगतात, "आई अंघोळीला गेलीय." तीन दिवसांत सात अंघोळी! कूर शहरात पाणी मुबलक असेल, पण तुमच्या वयाला हे बरं नव्हे. म्हणून पत्र लिहायला बसले. पत्राला अंघोळीचं निमित्त सांगता येत नाही. वाचलं नाही तरी ते टेबलावर पडून तुमच्याकडे बघत राहतं.

आधी जे झालं ते सांगते. सोमवारी दहाची बस तुम्हाला घेऊन वळणाआड गेली आणि अकराच्या आत मी आणि तुमच्या लेकाने, कुर्दिनने, बाराही गाईंच्या साखळ्या सोडल्या. तुमच्यासमोर सोडायची माझी छाती नव्हती, हे कबूल करून टाकते. कुंतेसा, तुमची सरदारीण, सगळ्यांत आधी बाहेर पडली. बाकीच्या अकरा जणी साखळी नसतानाही आपापल्या जागी तशाच उभ्या राहिल्या. शेवटी त्यांतल्या ग्रीशाला मागून ढकलावं लागलं, तेव्हा कुठे रांग हलली.

जुना गोठा आता रिकामा आहे. गव्हाणीवर बारा खिळे तेवढे दिसतात. पाट्या तुम्ही नेल्यात. बसचा ड्रायव्हर मला म्हणाला, "म्हातारीच्या बॅगेत काय दगड आहेत काय?" मी म्हटलं, "हो, आहेत. बारा." गाईंच्या नावाच्या पाट्या बॅगेत भरून लेकीकडे राहायला जाणारी सासू अख्ख्या ग्राउब्युंडेन प्रांतात माझ्याच नशिबी आली.

तुमचे शेवटचे शब्द मला पाठ आहेत. "चालान्दामार्झपर्यंत एक जरी जनावर गेलं, तर साखळ्या परत. बाराच्या बारा उभ्या राहिल्या, तर मी येईन आणि पाट्या माझ्या हातानं लावीन." कुर्दिनने तुमच्या हातावर हात मारला. मीही मारणार होते, पण तुम्ही हात मागे घेतलात.

बरं, चालान्दामार्झला, एक मार्चला, पोरं गळ्यात घंटा अडकवून हिवाळ्याला गावाबाहेर हाकलतील, तेव्हा बघू. नव्या गोठ्याला तीन भिंती, दक्षिणेची बाजू उघडी, खाली गुडघाभर पेंढा. तुम्ही याला 'बसथांबा' म्हणता. दुधाची गाडी वर यायची बंद झाली त्यात माझा काय दोष? आता वासरं आईपाशीच राहणार, दहा महिन्यांची झाली की खाटकाकडे जाणार. आयांना मोकळं ठेवल्याशिवाय वासरं त्यांच्यामागे फिरणार कशी?

नळवाल्याची पोर असले तरी एवढं मला कळतं.

फाद्रिना


वाल्दार्सा, १८ नोव्हेंबर

सासूबाई,

सगळं उत्तम आहे. पहिला मोठा बर्फ पडला. आत कोरडा पेंढा पसरलेला असताना सात गाई बाहेर बर्फात जाऊन बसल्या. पाठीवर चार बोटं बर्फ साचला, पण वितळेना, म्हणजे अंगातली ऊब अंगातच राहते. मी हात घालून पाहिलं, केसांच्या मुळाशी भाकरीच्या तव्यासारखं गरम.

शेजारचे जाकेन रोज कुंपणापाशी येऊन थांबतात. काल म्हणाले, "फाद्रिना, तू गोठा नाही, फ्रीज बांधलास. मांस थेट गोठवूनच विक." मी म्हटलं, "तुमच्यासाठी शेपूट बाजूला ठेवते." ते तुम्हाला फोन करतात हे मला ठाऊक आहे. त्यांच्या फोनवर मात्र तुमच्या अंघोळी चटकन आटपतात.

कुर्दिन डिसेंबरपासून स्की-लिफ्टवर कामाला जाईल. त्याचा खोकला गेला. मी जवाचं सूप केलं, तुमच्यासारखं झालं नाही असं तो म्हणाला, तेव्हा उरलेलं सगळं त्यालाच खायला लावलं.

गाई मजेत आहेत. कुंतेसा अजून कुंतेसाच आहे. ब्रीना जरा बाजूबाजूला असते, पण ती आधीपासूनच तशी. गुरांचे डॉक्टर येऊन गेले, सहजच, वरच्या वाटेने कुणाकडे तरी चालले होते म्हणून डोकावले. नवा गोठा त्यांना आवडला.

सगळं उत्तम आहे.

फाद्रिना


वाल्दार्सा, २७ नोव्हेंबर

सासूबाई,

तुमचं कार्ड मिळालं. चार आठवड्यांत दोन वाक्यं! "वरच्या वाटेला आपल्यानंतर एकही घर नाही. ब्रीना कशी आहे?"

डॉक्टर वाट चुकले असतील. बर्फात होतं तसं.

ब्रीना खाते, पिते, रवंथ करते. पोटातलं वासरू फेब्रुवारीच्या शेवटी येईल. आणखी काय सांगू? हवा स्वच्छ आहे. जाकेनच्या बायकोने अक्रोडाचा केक पाठवला.

फाद्रिना

ता.क. खरंच खाते.


वाल्दार्सा, ९ डिसेंबर

सासूबाई,

चष्मा लावा आणि मेंगिया वन्संना बाजारात पाठवा. हे तुम्ही एकट्याने वाचायचं आहे.

मी खोटं लिहिलं. बारा नोव्हेंबरला सकाळी वैरण टाकताना कुंतेसाने ब्रीनाला कोपऱ्यात गाठलं. पश्चिमेकडे मागची भिंत आणि वासरांच्या खोलीची भिंत मिळून एक बोळ झालाय, तीन पावलं रुंद. ब्रीना तिच्यापासून पळून आत शिरली, पण पुढे जायला वाट नाही, मागे कुंतेसा. शिंग मागच्या मांडीपाशी, कासेच्या जरा वर, वीतभर आत गेलं. ब्रीना ओरडली नाही. नुसती भिंतीला कपाळ टेकून उभी राहिली. मी फावडं घेऊन कुंतेसाला हाकललं. एकवीस टाके पडले.

डॉक्टर वाट चुकले नव्हते. ते आतापर्यंत चार वेळा आलेत. आठवडाभर ताप होता, मग उतरला, परवापासून पुन्हा चढलाय. वासरू टाकेल असं त्यांना वाटतं. गाय वाचेल का, यावर ते बॅग आवरायला लागतात. खाते असं मी लिहिलं, ते माझ्या हातून, मूठमूठ. कुर्दिन पहिल्या दिवशीच तुम्हाला सांगायला निघाला होता. मीच त्याला शपथ घातली. त्याला बोलू नका.

चूक कुठे झाली तेही सांगते, कारण ती माझी एकटीची आहे. गोठ्याचा नकाशा मी खालच्या सपाटीवरच्या एका शेतकऱ्याकडून आणला. त्याचा गोठा बघितला होता, पन्नास गाई कशा गोगलगायीसारख्या फिरत होत्या. त्या सगळ्या बिनशिंगी होत्या. मी तो नकाशा बोळासकट जसाच्या तसा उतरवून घेतला. आपल्या बाराही जणींच्या डोक्यावर शिंगं आहेत ही गोष्ट मला, नऊ वर्षं त्यांना चारा घालणाऱ्या बाईला, सुचली नाही. हसा तुम्ही. मी तुमच्या जागी असते तर हसले असते.

डॉक्टर म्हणतात, पुढच्या वासरांची शिंगं लहानपणीच जाळून टाका. जाकेनही तेच म्हणतात. ब्रीना सध्या जुन्या गोठ्यात एकटी आहे, तुमच्या तिसऱ्या खिळ्याखाली. साखळी मीच तिच्या गळ्यात घातली. घालताना तिने मान स्वतःहून पुढे केली. ते बघून मला रडू आलं. मी रडते हे तुम्ही कधी पाहिलेलं नाही, म्हणून लिहून कळवते.

तुम्ही पैज जिंकाल असं दिसतंय.

फाद्रिना


वाल्दार्सा, २० डिसेंबर

सासूबाई,

तुमचं जाड पाकीट आलं. "मी सांगितलं नव्हतं?" हे वाक्य आधी कुठे येतं ते शोधलं. आलंच नाही. मी पत्र तीनदा उलटंसुलटं केलं.

तुम्ही लिहिलंत ते कुर्दिनला मोठ्याने वाचून दाखवलं:

"भिंत तोड. आजच तोड, नाताळची वाट बघू नकोस. कमी मानाच्या गाईला पळायला नेहमी दुसरं दार लागतं. सासू समोर उभी असताना एकाच दाराच्या खोलीत सून काय करणार? शिंगच खाणार. मी या घरात लग्न होऊन आले तेव्हा स्वयंपाकघराला एकच दार होतं. दुसरं मी पाडून घेतलं, माझी सासू चर्चला गेली असताना. तुझ्या कुर्दिनचा बाप भिंत फोडत होता आणि मी खिडकीतून पहारा देत होते."

सासूबाई, नऊ वर्षं मी त्या दुसऱ्या दाराने बाहेर पडतेय. सुपात मीठ कमी म्हणून पडले, माहेरचा विषय निघाला म्हणून पडले, तुम्ही माझ्याकडे नुसतं बघितलंत म्हणूनही पडले. ते दार तुम्ही पाडलंय हे मला आता कळतंय.

कुर्दिनने करवत काढली. वासरांच्या खोलीची भिंत कापली, मागच्या भिंतीला गाय जाईल एवढं भगदाड पाडलं. आता बोळातून आत शिरलं की पलीकडे अंगणात निघता येतं. तुमचा दुसरा हुकूमही पाळला: कुंतेसाला तीन दिवस जाकेनच्या आवारात ठेवलं आणि तिच्यामागे बाकीच्यांना आपापली जागा ठरवू दिली. ती परत आली, तर जागा भरलेल्या. तिने दोघींना हाकललं. दोघी नव्या दाराने शांतपणे बाहेर गेल्या, वळसा घालून पुढून परत आल्या. कुंतेसा जागच्या जागी उभी राहून नुसती नाक फुरफुरत राहिली. असा चेहरा मी फक्त एकाच ठिकाणी पाहिलाय, पण जाऊ दे.

खाली तुम्ही जुन्या गोठ्यातल्या बाराही जागांचं चित्र काढलंत. कोण कुणाशेजारी, आणि का. "मुन्तानेला ब्रीनाशेजारी, कारण तिची आई ब्रीनाच्या आईला चाटायची." चाळीस वर्षं तुम्ही हे डोक्यात ठेवलंत आणि मी समजत होते की पाट्या नुसत्या टांगल्यात. मी मुन्तानेलाला ब्रीनापाशी जुन्या गोठ्यात नेऊन सोडलं. दुसऱ्या दिवशी ब्रीनाने तोंड लावून खाल्लं. ताप उतरलाय. डॉक्टर म्हणाले, "औषध लागू पडलं." मी म्हटलं, "पडलं तर."

एक विचारू? तुम्ही गप्प बसला असतात तर पैज तुमची होती.

नाताळचा केक पाठवतेय. तुमच्यासारखा झालेला नाही.

फाद्रिना


वाल्दार्सा, २३ फेब्रुवारी

सासूबाई!

रस्ता बंद आहे, टपाल बंद आहे, हे पत्र केव्हा निघेल देव जाणे, पण लिहिल्याशिवाय मला दम निघत नाही.

सतरा तारखेला बर्फ सुरू झाला आणि चार दिवस थांबला नाही. कुर्दिन खाली लिफ्टवर अडकला. तारा तुटल्या, वीज गेली. जुन्या गोठ्याच्या दाराचा तर वरचा कोयंडासुद्धा दिसेना. जनावरं तिथे असती तर मला गवताच्या माळ्यावरून उतरून एकेकीला बादलीने पाणी पाजावं लागलं असतं. नशीब, ब्रीना आणि मुन्तानेला जानेवारीतच नव्या गोठ्यात परत आल्या होत्या. तिथे वैरण समोर होती, दक्षिणेकडून उजेड येत होता. मी रोज फक्त पाण्याच्या टाकीवरचा बर्फ फोडायचे. बारा जणी रवंथ करत माझ्याकडे बघत बसायच्या.

एकवीसला सकाळी ब्रीना उठली. शेपूट वर, नजर आत लागलेली. मी डॉक्टरांना फोन लावला, तो तेवढा चालू होता. ते म्हणाले, "पंख असते तर आलो असतो. जखमेच्या बाजूने जोर लागला तर टाके आतून उसवतील. कुणाला तरी हाताशी घे." हाताशी कोण? जाकेन. त्यांना आपल्या घरापर्यंतची शंभर पावलं यायला पाऊण तास लागला. येताना खांद्यावर दोर.

आता ऐका. ब्रीनाने गोठाभर फेरी मारली आणि पश्चिमेच्या त्या बोळात शिरली. त्याच कोपऱ्यात! परत आल्यापासून तिने त्या बाजूला तोंडसुद्धा केलं नव्हतं. पण तिथे वारा लागत नव्हता, पेंढा कोरडा होता आणि पलीकडे दार उघडं होतं. आधी तिने त्या दारातून डोकं बाहेर काढून बघितलं. वाट आहे अशी खात्री झाली, मग बसली. बोळाच्या तोंडाशी कुंतेसा आडवी पसरली होती, त्यामुळे दुसरी कुणी आत येऊ शकत नव्हती. मायेपोटी बसली असं मी म्हणणार नाही. ती नेहमी लोकांच्या वाटेतच बसते.

दुपारचे बारा वाजले. दोन खूर दिसले. जाकेन म्हणाले, "बांध दोर, ओढू."

"थांबा."

"अगं, तुझ्या सासूबाई, बार्लाबाई, असत्या तर आत्तापर्यंत ओढून मोकळ्या झाल्या असत्या!"

"साखळीत गाय नीट आडवी होऊ शकत नाही, म्हणून त्या ओढायच्या. ही झालीय. थांबा."

हे मी मोठ्या रुबाबात म्हटलं खरं, पण दोर मी मुठीतून सोडला नव्हता. वीस मिनिटं! ब्रीनाने दोनदा कूस बदलली, जखमेची बाजू वर घेतली. कुणी शिकवलं तिला? मग एक मोठी कळ आली आणि वासरू पेंढ्यात घसरलं. करडं, ओलं, वाफ निघत होती. ब्रीना लगेच उठून चाटायला लागली. जखमेच्या जागी नुसता पांढरा वण, रक्ताचा टिपूस नाही. कालवड आहे, सासूबाई! तासाभरात चार पायांवर उभी राहिली, दोनदा तोंडावर आपटली, तिसऱ्यांदा सड शोधून चीक प्यायली. पाठीवर बर्फाचे कण पडत होते आणि तिला त्याची शुद्धही नव्हती.

जाकेननी टोपी काढली. मला वाटलं, घाम पुसतायत. म्हणाले, "फ्रीज म्हणालो होतो ते मागे घेतो."

मी तिथेच पेंढ्यात बसले आणि ओरडले, अगदी पोरं ओरडतात तशी. बाराच्या बाराही गाईंनी माना वळवल्या. बारा, सासूबाई! मोजून घ्या. आणि वर एक.

मोजायला मात्र तुम्हाला यावं लागेल.

फाद्रिना


घर, ५ मार्च

सासूबाई,

या पत्राला तिकीट लावलेलं नाही. तुमच्या दाराखालून सरकवणार आहे. तुम्ही वर झोपला आहात, मी खाली चुलीपाशी. पण तोंडाने बोलायला गेलो की आपलं पहिलं भांडण सुपावरून होतं आणि सांगायचं राहून जातं.

एक तारखेला बस चौकात थांबली तेव्हा पोरांच्या घंटांनी कान बधिर झाले होते. मला तुम्ही दिसण्याआधी बॅग दिसली. ड्रायव्हर दोन्ही हातांनी ती उतरवत होता आणि शिव्या गिळत होता. घरात पाऊल न टाकता तुम्ही थेट गोठ्यात गेलात. कुंतेसाने तुमचा कोट हुंगला आणि बाजूला झाली. ती माझ्यासाठी आजवर कधी बाजूला झालेली नाही, हे मी लक्षात ठेवलंय.

पाट्या कुठे लावायच्या? जागाच ठरलेली नाही, तर खिळा ठोकायचा कुठे? मला वाटलं, आता चिडाल. तुम्ही बादली उलटी घालून त्यावर बसलात. तीन दिवस बसलात. मी कॉफी आणून देत होते, तुम्ही "हं" म्हणत होतात. काल संध्याकाळी हातोडा मागितलात आणि जी गाय जिथे रोज बसते, तिथे तिच्या डोक्यावर तिची पाटी ठोकलीत. शेवटचा खिळा झाल्यावर मी खिशातून तुमचं डिसेंबरमधलं चित्र काढलं आणि शेजारी धरलं. बारापैकी नऊ जणी त्यांच्या जुन्या शेजारणीपाशीच बसतात. साखळी नसतानासुद्धा. तुम्ही कागद बघितलात, गाई बघितल्यात आणि नाक शिंकरलंत. सर्दी आहे म्हणालात. असेल.

मग तुम्ही बॅगेतून तेरावी पाटी काढलीत. कोरी.

"ही कुठली?" मी विचारलं.

"सांगून करून घेतली. कूरला एक पाटीवाला आहे."

"कधी?"

"तुझं ते लांबलचक पत्र आलं, त्या दिवशी."

"तेव्हा तर ब्रीना जाणार असं मीच लिहिलं होतं!"

"तू घाबरली होतीस. घाबरलेली बाई जनावराकडे नीट बघते. मग जनावर जात नाही. मला काळजी होती ती त्याआधीच्या दोन पत्रांची."

मी सवयीप्रमाणे दाराकडे निघाले. तुम्ही म्हणालात, "आता कशाला पळतेस? खडू धर." मी खडू दिला. तुम्ही तुमच्या त्या शाळेतल्यासारख्या अक्षरात आईचं नाव लिहिलंत, ब्रीना. तारीख लिहिलीत, २१ फेब्रुवारी. आणि वर मोठ्या अक्षरात वासराचं नाव लिहिलंत.

मी ते दोनदा वाचलं. गाईला माझं नाव! माहेरी कळलं तर बाबा नळ बंद करून वर येतील.

कुर्दिन तेवढ्यात आत आला, त्याने काही न बघता विचारलं, "आई, डॉक्टर उद्या येतायत. या कालवडीची शिंगं ठेवायची की जाळून टाकायची?"

तुम्ही खडूचे हात कोटाला पुसलेत आणि पाटीकडे बोट दाखवलंत.

"नाव वाच आधी. हिची शिंगं कुणाच्या बापाला काढता येणार आहेत का?"

सासूबाई, मला हसू आवरेना, म्हणून मी पाठ फिरवली होती. तुम्हाला राग आला असं वाटलं असेल, तर नाही आला. तेवढंच सांगायला हे पत्र.

सकाळी सूप तुम्ही करा. वैरण मी टाकते.

तुमची, दोन पायांची,
फाद्रिना